ज्वारी की बाजरी? दोन धान्यांचं पोषण घरच्या घरी कसं ताडून पाहावं

"बाजरीत लोह भरपूर असतं, ज्वारी सोडा." "बाजरी उष्ण, ज्वारीच बरी." "दोन्ही सोडा, नाचणी खा." असे सल्ले नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज फिरतात आणि प्रत्येकामागे कुठला ना कुठला आकडा असतो. आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो. पण तो कशाच्या शेजारी ठेवलाय, किती ग्रॅमचा आहे, कच्च्याचा आहे की शिजलेल्याचा, हे सांगितलेलं नसतं, आणि तिथेच घरातलं वाण सामान ठरवणारी व्यक्ती फसते.

ज्यांनी पोषणाचा तक्ता कधी उघडलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण म्हणून आपल्या रोजच्या ताटातली ज्वारी आणि बाजरी घेऊ. पद्धत एकदा हातात बसली की पालक-शेवगा, तूर-मूग, कुठलीही जोडी याच वाटेने तपासता येते. कागद-पेन, मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर आणि जमल्यास स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा एवढं पुरे.

पायरी १ : कोणासाठी बघताय ते आधी लिहा

"जास्त पौष्टिक कुठलं?" या प्रश्नाला उत्तरच नाही. हिमोग्लोबिन कमी आलेल्या मुलीला लोह बघायचंय. मधुमेह असलेल्या वडिलांना कर्बोदकं आणि तंतू बघायचेत. हाडं ठिसूळ झालेल्या आजीला कॅल्शियम. एकाच घरात तीन माणसांची तीन उत्तरं निघू शकतात.

म्हणून कागदावर सगळ्यात वर माणसाचं नाव लिहा आणि त्याखाली दोन-तीन घटक, जास्त नाही. तक्त्यात शंभरच्या वर घटक सापडतील. सगळे उतरवत बसलात तर प्रत्येक धान्य कशात ना कशात पुढे निघेल आणि हाती काही लागणार नाही. मी इथे सगळ्यांच्या कामाचे म्हणून थोडे जास्त घटक घेतलेत.

पायरी २ : दोन्ही आकडे एकाच तक्त्यातून घ्या

आपल्याकडच्या अन्नासाठी सगळ्यात भरवशाचा तक्ता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा. २०१७ साली आलेल्या या तक्त्यात देशाचे सहा विभाग करून नमुने गोळा केले आणि ५२८ खाद्यपदार्थ तपासले. ही पीडीएफ इंटरनेटवर मिळते. ती उघडल्यावर नवख्या माणसाला चार गोष्टी अडवतात.

पहिली, ऊर्जा. या तक्त्यात ती कॅलरीत नाही, किलोज्यूलमध्ये आहे. बाजरीपुढे १४५६ हा आकडा बघून दचकू नका. ४.१८४ ने भागा, ३४८ किलोकॅलरी येतात.

दुसरी, सरासरीपुढचं ± हे चिन्ह. बाजरीचं लोह ६.४२ ± १.०४ असं छापलंय. याचा अर्थ वेगवेगळ्या ठिकाणची बाजरी वेगवेगळी निघाली आणि आकडे सरासरीच्या साधारण एवढे खाली-वर झाले. दोन धान्यांतला फरक या ± पेक्षा लहान असेल तर तो फरक धरूच नका. पुढे याचा फार उपयोग होणार आहे.

तिसरी, जुने आणि नवे आकडे. याच संस्थेचा आधीचा तक्ता कित्येक दशकं वापरात होता आणि आजही बरीच पुस्तकं, वेबसाइटी त्यातले आकडे देतात. जुन्यात बाजरीचं लोह ८ मिलिग्रॅम, नव्यात ६.४२. तंतूंचा फरक तर भलताच मोठा आहे: जुन्यात बाजरीत १.२ ग्रॅम, नव्यात ११.४९. बाजरी बदललेली नाही, मोजण्याची पद्धत बदलली. पूर्वी धान्य आम्लात आणि अल्कलीत उकळून जो चोथा उरायचा तेवढाच मोजत. त्यात बरेचसे तंतू विरघळून हिशेबाबाहेर जायचे. आता पचनात न मोडणारे सगळे तंतू धरतात. एका धान्याचा आकडा जुन्या तक्त्यातून आणि दुसऱ्याचा नव्यातून उचलला, तर तंतूंत दहापट फरक दिसेल आणि तो पूर्ण खोटा असेल. लेखांमधून अशी सरमिसळ सर्रास दिसते.

चौथी, परदेशी तक्ते. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात नुसतं 'मिलेट' म्हणून जे धान्य आहे ते प्रोसो नावाचं वेगळंच तृणधान्य आहे, आपली बाजरी नव्हे. कॅलरी मोजणारी बरीच मोबाइल अ‍ॅप तेच आकडे बाजरीच्या नावावर खपवतात. शास्त्रीय नाव बघून खात्री करा: बाजरीचं नाव पेनिसेटमने सुरू होतं, ज्वारीचं सॉर्घमने.

पायरी ३ : पाण्याचा हिशेब आधी

ही पायरी लोक गाळतात आणि सगळी गडबड इथेच होते. तक्त्यात पहिल्या काही रकान्यांतच ओलाव्याचा आकडा असतो. ज्वारी आणि बाजरी दोन्हींत तो ९ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून ही जोडी सरळ शेजारी ठेवता येते. पण ओलावा जुळत नसेल तर १०० ग्रॅमला १०० ग्रॅम ही तुलना निरर्थक आहे.

शेवग्याच्या पाल्याची पावडर घ्या. "दुधापेक्षा कित्येक पट कॅल्शियम" असं डब्यावर छापलेलं असतं. ताज्या पाल्यात १०० ग्रॅमला ३१४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्या पाल्यात पाऊण भाग पाणी असतं. वाळवून पाणी काढलं की तोच पाला वजनाला चौथाई होतो आणि १०० ग्रॅम पावडरीत कॅल्शियम बाराशे मिलिग्रॅमच्या घरात जातं. गाईच्या दुधात ११८. म्हणजे दहापट! छापलेलं खरंच आहे. पण १०० ग्रॅम पावडर कोण खातं? चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम धरली, तर ६० मिलिग्रॅम. एका पेल्यात २०० मिलिलिटर दूध घेतलं तर २३० च्या वर. शेवगा उत्तमच आहे, पाल्याची भाजी आठवड्यातून दोनदा व्हावी असं मला मनापासून वाटतं, पण त्या पावडरीच्या भरवशावर कोणी आजीचं दूध बंद करू नये.

हाच घोळ कच्च्या-शिजलेल्याचा होतो. १०० ग्रॅम पीठ आणि १०० ग्रॅम भाकरी यांत भाकरीचे आकडे नेहमी कमी दिसणार, कारण तिच्यात पाणी आहे. मोड आलेले मूग आणि कोरडे मूग यांचंही तसंच. तुलना करताना दोन्ही एकाच अवस्थेतले घ्या.

पायरी ४ : छोटा तक्ता मांडा

१०० ग्रॅम कोरड्या धान्यात, २०१७ च्या तक्त्याप्रमाणे:

| घटक | ज्वारी | बाजरी |
|---|---|---|
| ऊर्जा (किलोकॅलरी) | ३३४ | ३४८ |
| प्रथिनं (ग्रॅम) | ९.९७ | १०.९६ |
| स्निग्ध पदार्थ (ग्रॅम) | १.७३ | ५.४३ |
| कर्बोदकं (ग्रॅम) | ६७.६८ | ६१.७८ |
| तंतू (ग्रॅम) | १०.२२ | ११.४९ |
| लोह (मिलिग्रॅम) | ३.९५ | ६.४२ |
| जस्त (मिलिग्रॅम) | १.९६ | २.७६ |
| कॅल्शियम (मिलिग्रॅम) | २७.६० | २७.३५ |

आता एकेक ओळ वाचा आणि जिथे फरक नाही तिथे सरळ काट मारा. कॅल्शियमवर काट. दोन्ही सारखी आणि दोन्ही कमीच. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं, त्यापुढे हे २७ म्हणजे काहीच नाही. आजीसाठी बघत असाल तर या जोडीत वेळ घालवू नका. तिथे ३६४ मिलिग्रॅमवाली नाचणी आहे.

ऊर्जेवरही काट. प्रथिनांत बाजरी एका ग्रॅमने पुढे आहे. तंतूंतही जेमतेम तेवढीच.

उरल्या चार ओळी. त्यातली कर्बोदकांची पुढच्या पायरीत बघू. लोह बाजरीत दीडपटीहून जास्त. ज्वारीचं ३.९५ ± ०.९४ आणि बाजरीचं ६.४२ ± १.०४ असं शेजारी ठेवलं तरी फरक टिकतो, म्हणून तो खरा धरायचा. जस्ताचंही तसंच. आणि स्निग्ध पदार्थ तिप्पट.

ही स्निग्धतेची ओळ आरोग्याच्या दृष्टीने फारशी मोठी नाही, पण स्वयंपाकघरात तीच सगळ्यात जास्त जाणवते. बाजरीचं पीठ आठवडाभर डब्यात राहिलं की कडवट का होतं, ते इथे कळतं. दळल्यावर त्यातलं तेल उघडं पडतं, पिठातलीच विकरं (एन्झाइम) ते फोडायला लागतात आणि खवट वास सुटतो. ज्वारीचं पीठ त्या मानाने बरेच दिवस टिकतं. बाजरी खरिपाची, दिवाळीच्या आगेमागे घरात येते आणि थंडीत खाल्ली जाते. रब्बीची शाळू ज्वारी उन्हाळ्याच्या तोंडाशी खळ्यावर येते. उष्ण-थंड हा रकाना तक्त्यात नाही, पण उन्हाळ्यात बाजरीचं पीठ फार लवकर बिघडतं, एवढी गोष्ट आपल्या आज्यांच्या नजरेतून नक्कीच सुटली नसेल.

पायरी ५ : शंभर ग्रॅमवरून ताटात या

कोणी १०० ग्रॅम ज्वारी खात नाही, भाकरी खातो. काट्यावर परात ठेवून काटा शून्यावर आणा, एका भाकरीला लागतं तेवढं पीठ घाला आणि वजन लिहून ठेवा. पातळ-लहान भाकरीला ४० ग्रॅम, जाड-मोठीला ८० ग्रॅमही लागतं. घराघराचा हात वेगळा. मी ६० ग्रॅम धरतो. तक्त्यातला प्रत्येक आकडा ०.६ ने गुणला की एका भाकरीचा हिशेब निघतो. पाणी कितीही घातलं तरी हरकत नाही, कारण खाली मांडलेले घटक पिठात आहेत आणि ते तव्यावर उडून जात नाहीत.

ज्वारीची एक भाकरी: २०० किलोकॅलरी, ६ ग्रॅम प्रथिनं, ४०.६ ग्रॅम कर्बोदकं, २.४ मिलिग्रॅम लोह.

बाजरीची एक भाकरी: २०९ किलोकॅलरी, ६.६ ग्रॅम प्रथिनं, ३७.१ ग्रॅम कर्बोदकं, ३.९ मिलिग्रॅम लोह.

आता वडिलांचा प्रश्न घ्या. कर्बोदकांत भाकरीमागे साडेतीन ग्रॅमचा फरक आहे. भाकरी जरा जाड थापली गेली तर तो केव्हाच भरून निघतो. म्हणजे मधुमेह असणाऱ्यासाठी ज्वारी की बाजरी यापेक्षा एक की दोन, आणि सोबत भाजी-आमटी किती, हा हिशेब मोठा. वजनाची काळजी असेल त्यांनी बघावं, दोन भाकऱ्यांतला फरक ९ किलोकॅलरींचा आहे आणि वर घातलेल्या एक चमचा तेलाच्या ४५.

मुलीचा प्रश्न मात्र वेगळा निघतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. दोन भाकऱ्यांतून ज्वारी पावणेपाच देते, बाजरी पावणेआठ. रोजच्या जेवणात हे तीन मिलिग्रॅम महत्त्वाचे आहेत. इथे बाजरीची बाजू खरोखर जड आहे.

भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ का लावतात, हेही याच कागदावर मांडून बघा. ६० ग्रॅम बाजरीत कॅल्शियम १६ मिलिग्रॅम. पांढऱ्या तिळात १०० ग्रॅमला १२८० च्या आसपास, म्हणजे भाकरीला ५ ग्रॅम तीळ लागले तर ६४. नुसत्या तिळांनी भाकरीचं कॅल्शियम पाचपट केलं.

पायरी ६ : तोंडात गेलं ते अंगी लागतं का?

तक्ता सांगतो धान्यात काय आहे. त्यातलं रक्तात किती पोचतं, ते तो सांगत नाही. धान्यातलं लोह फायटेट आणि पॉलिफेनॉल नावाच्या घटकांनी धरून ठेवलेलं असतं, आणि ते ज्वारीतही आहेत आणि बाजरीतही. म्हणून ३.९ मिलिग्रॅममधला लहानसा वाटाच आतड्यातून शोषला जातो.

हा वाटा वाढवणं आपल्या हातात आहे, आणि माझ्या मते ज्वारी-बाजरीच्या वादापेक्षा यावर बोलणं जास्त गरजेचं आहे. भाकरीसोबत क जीवनसत्त्व असलेलं काहीतरी ताटात हवंच: लिंबाची फोड, कच्चा टोमॅटो, कोबीची कोशिंबीर, आवळ्याची चटणी, पेरू. जेवणाला लागून चहा नको. चहातले टॅनिन लोहाला बांधतात, तासभर थांबून घ्या. धान्य भिजवून, आंबवून केलेले पदार्थ फायटेट कमी करतात, अंबील त्यातलीच. बाजरीला मोड आणून वाळवून दळण्याची पद्धतही चांगली. ज्वारीला मात्र घरी लांब मोड आणून कच्ची खाऊ नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारा घटक असतो. कोवळी ज्वारी जनावरानं खाल्ली तर विषबाधा होते हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं, ते याच घटकामुळे.

बाजरीतलं लोह अंगी लागतं का, याची आपल्याच राज्यात तपासणी झालेली आहे. लोह जास्त असलेल्या बाजरीची भाकरी महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलांना काही महिने देऊन रक्त तपासलं गेलं, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे चार महिन्यांतच त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा साध्या बाजरीवरच्या मुलांपेक्षा सुधारला होता.

प्रथिनांतही नुसता ग्रॅमचा आकडा बघून थांबू नका. प्रथिनं अमिनो आम्ल नावाच्या छोट्या घटकांची बनतात. धान्यांच्या प्रथिनांत त्यातलं लायसिन कमी असतं. १०० ग्रॅम प्रथिनांमागे ज्वारीत ते साधारण २.३ ग्रॅम, बाजरीत ३.२. वर एका ग्रॅमचा फरक दिसला होता, गुणवत्ता धरली तर बाजरी त्याहून बरीच पुढे जाते. ज्वारीत उलट ल्युसिन हे दुसरं अमिनो आम्ल जास्त. १९६० च्या सुमारास हैदराबादला पोषणशास्त्रज्ञ गोपालन आणि श्रीकांतिया यांनी, दख्खनच्या पठारावर जवळजवळ ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब माणसांना होणाऱ्या पेलाग्रा या कातडीच्या आजाराशी या जास्तीच्या ल्युसिनचा संबंध जोडला होता. आज आपल्या ताटात ज्वारीसोबत इतर बरंच काही असतं, म्हणून घाबरण्याचं कारण नाही. पण एकाच धान्यावर अवलंबून राहू नये, हे त्यातून समजतं. लायसिनची उणीव डाळ भरून काढते. पिठलं-भाकरी, आमटी-भाकरी, मटकीची उसळ आणि भाकरी या जोड्या लावून ज्वारीचं जेवण सहज भक्कम होतं.

पायरी ७ : तुमच्या डब्यातलं धान्य तपासा

तक्त्यातली बाजरी सरासरी बाजरी आहे. तुमची वेगळी असू शकते. महाराष्ट्रासाठी २०१२ साली 'धनशक्ती' नावाचं बाजरीचं वाण आलं, ते मुद्दाम लोह जास्त असावं म्हणून निवडलेलं आहे. त्यात १०० ग्रॅमला सुमारे ७ मिलिग्रॅम लोह असतं. गावाकडून धान्य आणत असाल तर वाण कुठलं पेरलं होतं, एवढं विचारून घ्या. शेतकरी आनंदाने सांगतो.

गिरणीतून आल्यावर पीठ कसं वापरता, तेही बघा. मऊ भाकरीसाठी बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून दिला, तर तक्त्यातले तंतू आणि लोह यांचा एक भाग केराच्या टोपलीत गेला. पाकिटातल्या पिठाच्या मागचा पोषणाचा चौकोन वाचताना आधी '१०० ग्रॅममध्ये' की 'एका वाढपात' हे शोधा. दोन कंपन्यांचे आकडे वेगवेगळ्या मापाचे असतील तर दोन्ही १०० ग्रॅमवर आणल्याशिवाय शेजारी लिहू नका. 'मल्टिग्रेन' लिहिलं असेल तर घटकांची यादी बघा. जे सगळ्यात जास्त ते यादीत पहिलं येतं, आणि बऱ्याचदा पहिला गहू असतो.

आता कागदावरच्या नावांपुढे निर्णय लिहायचा. मुलीसाठी थंडीचे महिने बाजरी, पीठ चार-पाच दिवसांपुरतंच दळून, सोबत लिंबू आणि कडधान्य. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर मात्र डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या भाकरीच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत. वडिलांना जी आवडते ती, पण मोजून. आजीला नाचणी, तीळ, दूध. आणि घरात कोणाला गव्हाचं ग्लुटेन चालत नसेल तर ज्वारी आणि बाजरी दोन्ही चालतात, फक्त गिरणीवाल्याला सांगून ठेवा: गव्हाच्या दळणानंतर लगेच आपलं दळण टाकायचं नाही. शक्य असेल तर घरगुती चक्कीवरच दळा.